आमच्यात पालट तो काय झाला?

मननासाठी शास्त्रपाठ : लूक २२ : ३१–३४ व ५४–६२, गलतीकरांस पत्र २ : ११–१४



वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात सेवा करीत असलेल्या उपदेशकबंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. कारण ज्या गोष्टीविषयी त्यांनी लिहिले आहे ती त्याच गावी घडते आणि इतरत्र घडत नाही, असे मुळीच नाही. त्यांच्या मंडळीतील एक मुलगा व एक मुलगी यांचा विवाह व्हावा असे दोघांच्याही मनात आले. दोघेही एकाच शब्बाथशाळेत वाढलेली, दोघांचेही आजे ख्रिस्ती. तथापि मुलाच्या बापाने पंचांपुढे स्वच्छ सांगितले, की ते घर आपल्यातले नव्हे. "आपल्यातले" या शब्दाचा अर्थ तेथे कोणासही विचारावा लागला नाही. ही हकीकत बाजारात जावयास वेळ लागला नाही, आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी एका किराणा दुकानदाराने तराजू हातात असताच उपदेशकांस हसत विचारले, "मास्तर, तुम्ही लोकं कन्व्हर्ट झाले म्हणता; मंग चेंज काय झाला बापा?" उपदेशकबंधू लिहितात, की त्या वेळी त्यांस काही उत्तर सुचले नाही. साखरेची पुडी घेऊन ते खाली मान घालून घरी आले. आता आम्ही या पत्रातून उत्तर द्यावे, अशी त्यांची विनंती आहे.

दुकानदाराचा हा प्रश्न आम्ही आठ दिवस मनात घोळविला. चेंज हा शब्द आता परका राहिलेला नाही. आमच्या खेड्यांतील निरक्षर म्हातारीच्याही तोंडी तो आहे. परंतु शब्द एक म्हणून अर्थही एक, असे समजू नये. एस. टी.चा वाहक चेंज मागतो तेव्हा त्याला सुटे पैसे हवे असतात. अकोल्यास गाडी चेंज करा, असे कोणी सांगितले म्हणजे एका गाडीतून उतरून दुसरीत बसावयाचे असते. ट्रॅक्टर चालविणारा गिअर चेंज करतो. यंत्र तेच, चाल तेवढी निराळी. पोर शाळेतून येऊन कपडे चेंज करते. अंग तेच, वरचे वस्त्र निराळे. आजारातून उठलेल्या माणसास चेंज म्हणून लेकीच्या गावी पाठवितात, त्यास आमचे वडील हवापालट म्हणत. आणि नवरा दारू सोडून दिवेलागणीस घरी येऊ लागला, म्हणजे शेजारीण म्हणते की याच्यात लईच चेंज झाला. तेव्हा दुकानदारास उलट विचारावयास हवे होते, की यांपैकी कोणता चेंज तुम्ही आमच्यात शोधीत आहा? आणि त्याच्याही आधी आपण आपणांस विचारावयास हवे, की बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी यांपैकी कोणता अर्थ आपल्या मनात होता?

आम्हांस भय वाटते, की पुष्कळांच्या मनात वस्त्र बदलण्याचाच अर्थ होता. सणाचा वार बदलला, गळ्यातली खूण बदलली, पोरांची नावे दानिएल व रूथ झाली. ही बाहेरची चिन्हे तुच्छ आहेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु नाव बदलणे हा बदलांतला सर्वांत स्वस्त प्रकार होय. आपल्या वाशीमकडेच पाहा. प्राचीन काळी हे वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजांच्या कागदांत ते बासीम झाले व जिल्ह्याचे ठिकाण म्हणून नांदले. १९०५ साली जिल्हा मोडला व ते अकोला जिल्ह्यात गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. इतक्या वेळा पाट्या बदलल्या, पण म्हणून पैनगंगेचे पाणी हातभर वाढले नाही. आमच्या मिशनाचीही तीच कथा. पहिल्याने येथे मेथॉडिस्ट एपिस्कोपल मिशनाचे काम होते. १९३० नंतरच्या दशकात ते नाझरीन मंडळीकडे आले. आणि १९३८ साली डॉक्टर ऑर्फा स्पायकर बाईंनी रुग्णसेवेस आरंभ केला, तेच रेनॉल्ड्स मेमोरिअल रुग्णालय. मिशनाची पाटी बदलली त्या दिवशी पित असलेल्यांचे पिणे सुटले नाही, आणि प्रार्थना करीत असलेल्या विधवेची प्रार्थनाही थांबली नाही.

आता रेल्वेकडे या. खांडव्याहून अकोला, वाशीम, हिंगोलीवरून पूर्णेस जाणारा मार्ग पूर्वी मीटर गेजचा होता, हे चाळिशीच्या पुढील सर्व वाचकांच्या स्मरणात आहे. रुळांत अंतर एक मीटर. आणि अकोल्यास जो मुंबई-नागपूर मार्ग लागतो त्याच्या रुळांत अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर. म्हणून अकोल्यास उतरावेच लागे. माणसे उतरत, गाठोडी उतरत, मालाची पोती एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावी लागत. २००८ साली अकोला ते पूर्णा हा मार्ग रुंद झाला. या कामाचे इंग्रजी नाव वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यास गेज कन्व्हर्शन म्हणतात. ज्या शब्दाने दुकानदार आम्हांस हाक मारतो, तोच शब्द. आणि हे कन्व्हर्शन कसे झाले? स्टेशनावर नवी पाटी लावून झाले नाही. मार्ग बंद ठेवावा लागला. जुने रूळ उखडले, खालचे स्लीपर काढले, खडी नव्याने घातली, पूल बळकट केले. जुने इंजिन कितीही चांगले असले तरी ते नव्या रुळांवर एक हातही चालले नसते. आमच्यांतील पुष्कळांनी मात्र नवी पाटी लावली आणि जुने रूळ तसेच ठेवले. मग रविवारी गाडी देवळापर्यंत येते, पण सोमवारी आपल्या जुन्या मार्गानेच जाते, आणि लग्नकार्य निघाले म्हणजे तर दुसरा मार्गच तिला ठाऊक नसतो.

तथापि आम्ही रुळांच्या दृष्टांतावर थांबणार नाही, कारण माणूस लोखंड नव्हे. पैशाचा दृष्टांत त्याहून जवळचा आहे. इंग्रजी चेंज हा शब्द ज्या जुन्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थच अदलाबदल, विनिमय असा होता. म्हणजे हा शब्द बाजारातच जन्मला. तेव्हा तो दुकानदाराच्या तोंडी शोभला यात नवल नाही. आमचा बदल हा शब्दही तसाच. तो अरबीतून आला, आणि मोबदला, बदली, बदला हे सगळे त्याचे भाऊबंद. एक द्यावे व दुसरे घ्यावे, हा त्याचा गाभा. आणि आता आश्चर्य पाहा. देवाने आपल्याशी समेट केला, असे पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो. तेथे त्याने योजलेला ग्रीक शब्द मूळचा सराफाच्या पेढीवरचा आहे. नाण्याची अदलाबदल करणे, हा त्याचा जुना अर्थ. वैर द्यावे व मैत्री घ्यावी. हीच ती अदलाबदल. त्यात आपण पुढे केलेले नाणे खोटे होते, आणि आपल्या पदरात पडलेले खरे. असा तोट्याचा व्यवहार जगातील कोणताही सराफ करणार नाही.

नाणे बदलणे म्हणजे काय, हे आमच्या लोकांनी ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चांगले अनुभवले. पाचशेची व हजाराची नोट संध्याकाळी पैसा होती, मध्यरात्री कागद झाली. लुगड्याच्या घडीत, ज्वारीच्या कणगीत, देवळाच्या दानपेटीत ज्या नोटा होत्या त्या घेऊन लोक बँकेच्या दारी उभे राहिले. काहींस दोन हजाराची नवी नोट मिळाली, तर तिचा चेंज गावात कोणापाशी नव्हता. त्या दिवसांत पुष्कळांच्या मुखी एकच प्रश्न होता, की जुनी नोट कोठवर चालेल? आमच्यापैकी ज्यांनी जुन्या जातीची नोट अजून कणगीत जपून ठेवली आहे, त्यांस आम्ही हाच प्रश्न विचारतो. ख्रिस्ताच्या राज्यात ती कोठवर चालेल, असे तुम्हांस वाटते?

सुट्या पैशास आमच्या वडिलांचा जुना शब्द खुर्दा, आणि दुसरा शब्द मोड. रुपयाची मोड द्या, असे म्हणत. अखंड रुपया मोडला म्हणजे त्याचे आणे होत. आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तोपर्यंत त्याचे सोळा आणे म्हणजे चौसष्ट पैसे होत असत. हाच मोड शब्द मटकी भिजविणाऱ्या गृहिणीच्याही तोंडी आहे. कडधान्यास मोड आले, असे ती म्हणते. आणि मोडणे म्हणजे तुटणे, हे तर सर्वांस ठाऊकच आहे. एकाच शब्दात तुटणे, अंकुरणे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हे तिन्ही अर्थ आले, हे आमच्या मायबोलीचे भाग्य होय. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, या अर्थाचे जे प्रभू योहानाच्या बाराव्या अध्यायात बोलले, ते समजावयास वऱ्हाडातील शेतकऱ्यास भाष्याची गरज नाही. न मोडलेला दाणा कोठीत सुरेख दिसतो, आणि पुढे त्यास कीड लागते.

आता कन्व्हर्ट या शब्दाकडे वळू. कारण हा शब्द आम्हांस अनेकदा शिवीसारखा लावला जातो, आणि आम्हीही तो शिवीसारखाच ऐकतो. त्याचा मूळ अर्थ जाणणारा मनुष्य त्याने कधी खजील होणार नाही. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ पूर्णपणे वळणे, इतकाच. त्याच धातूपासून निघालेला एक शब्द रोमी शेतकरी नांगराच्या तासास लावीत. कारण तास संपला की बैल वळवावा लागे. आमच्या शेतात धुऱ्यापाशी हेच दर घटकेस घडते. बैल तेच, जू तेच, शेतही तेच. पण तोंड फिरले. न फिरले तर बैल धुरा ओलांडून परक्याच्या शेतात जातील आणि भांडण होईल. जुन्या करारात या अर्थी जो इब्री शब्द आहे, शूब, तोही असाच साधा आहे. वाटेने परत फिरणे, घरी परतणे. नामी मवाबातून बेथलेहेमास परत निघाली, त्या रूथच्या पहिल्या अध्यायात तो पुन्हा पुन्हा येतो. आणि संदेष्टे इस्राएलास देवाकडे परत या म्हणून विनवितात, तेथेही तोच. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने कन्व्हर्ट तो, जो चुकलेल्या वाटेवरून घरी परत फिरला. यात परकेपणा तो कोठे आला?

आणखी एक गोष्ट आमच्या उपदेशकबंधूंनी अधोरेखित करून ठेवावी. इंग्रजांच्या १६११ सालच्या शास्त्रात प्रभू आपल्या स्वतःच्या शब्दांत दोन ठिकाणी हा कन्व्हर्ट शब्द बोलले आहेत, असे भाषांतरकारांनी लिहिले. आणि ती दोन्ही ठिकाणे विचार करण्याजोगी आहेत. एक मत्तयाच्या अठराव्या अध्यायात. दुसरे लूकच्या बाविसाव्यात. त्या ठिकाणी प्रभू कोणाशी बोलत आहेत? मूर्तिपूजकांशी नव्हे. परूश्यांशी नव्हे. जकातदारांशी नव्हे. पहिल्या ठिकाणी ते आपल्या शिष्यांशी बोलत आहेत, जे त्या वेळी आपणांत मोठा कोण याविषयी विचारीत होते. आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष पेत्राशी. पुढे १८८१ साली सुधारलेले इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा पंडितांनी तो भारदस्त शब्द काढून तेथे साधा वळणे हा शब्द घातला, आणि ते योग्यच केले. कारण मूळ ग्रीकातही तितकेच आहे. पण जुन्या शब्दाचा धक्का आम्हांस उपयोगाचा आहे. जो सुमारे तीन वर्षे प्रभूबरोबर हिंडला, ज्याने त्यास ख्रिस्त म्हणून ओळखले व तसे सर्वांदेखत बोलून दाखविले, त्या पेत्रास प्रभू सांगतात, की तू कन्व्हर्ट झालास म्हणजे आपल्या भावांस बळकट कर. झालास म्हणजे! अजून व्हावयाचा होता तर!

ती रात्र आठवा. अंगणात विस्तव पेटविलेला. दासी पेत्राच्या तोंडाकडे निरखून पाहते. तो नाकारतो, एकदा, दोनदा, तीनदा. कोंबडा आरवतो. आणि मग लूक एक लहानसे वाक्य लिहितो, जे मत्तय, मार्क व योहान यांपैकी कोणीही लिहिलेले नाही. प्रभू वळले आणि त्यांनी पेत्राकडे दृष्टी लावली. या ठिकाणचे वळणे आणि पेत्रास आधी सांगितलेले वळणे, हे मूळ भाषेत एकाच धातूचे शब्द आहेत. पेत्र वळावा म्हणून आधी प्रभू वळले. बांधलेले असता वळले, मार खात असता वळले. ज्याने आपणांस ओळख नाही म्हटले त्याच्याकडे वळले. त्यानंतर पेत्र बाहेर गेला आणि रडला. आमच्या सर्व धर्मांतरांचे मूळ येथे आहे. आधी आपण देवाकडे तोंड केले आणि मग त्याने आपणांकडे केले, असा क्रम येथे नाही.

येथे एका टोमण्यास उत्तर देणे भाग आहे. आमच्या आज्या-पणज्यांस लोक दुष्काळातले ख्रिस्ती म्हणत, आणि अजूनही कोणी म्हणतो. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात वऱ्हाडात शेकडो पोरे उघड्यावर पडली, आणि मिशनांच्या अनाथगृहांनी त्यांपैकी पुष्कळांस उचलून घेतले, ही गोष्ट खरी आहे. भुकेने आले, असे लोक म्हणतात. बरे तर, लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळा पुत्र कशाने वळला? त्याने शास्त्रार्थ केला होता काय? त्या देशात दुष्काळ पडला, डुकरांच्या शेंगाही त्यास कोणी देईना, आणि बापाच्या घरच्या चाकरांची भाकरी त्यास आठवली. भूक हीच त्याची पहिली उपदेशक. बापाने दारात त्यास असे विचारले नाही, की तू प्रेमाने आलास की पोटासाठी आलास? तो धावत गेला. म्हणून ज्यांचे पणजोबा भुकेने आले त्यांनी मान खाली घालू नये. मान खाली घालण्याचे कारण असेलच तर ते निराळे आहे; बापाने आत घेतल्यावर आपण थोरल्या भावासारखे अंगणात उभे राहून, आत कोणास येऊ द्यावे व कोणास न द्यावे, याची चर्चा करीत असू, तर ते होय.

दुसरी एक अडचण आहे, तिच्याविषयी देवळात उघड बोलत नाहीत, पण घरोघर बोलतात. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती मनुष्यास मिळत नाहीत. शीख बांधवांस १९५६ साली व बौद्ध बांधवांस १९९० साली त्या मिळू लागल्या. ख्रिस्ती व मुसलमान तेवढे बाहेर राहिले. म्हणून कित्येक घरी मुलाचे एक नाव देवळाच्या नोंदवहीत आणि दुसरे शाळेच्या दाखल्यावर असते. एक उत्तरपत्रिका देवासाठी, दुसरी सरकारासाठी. आम्ही शहाणपणाने भरल्या पोटी बसून अशा बापास झोडपणार नाही. ज्याच्या पोराची शिष्यवृत्ती जाते त्यालाच ते ठाऊक. तो कायदा न्यायाचा आहे, असेही आम्हांस वाटत नाही; कारण गावाने ख्रिस्ती झालेल्या माणसास पूर्वीच्या विहिरीवर वागविले तसेच पुढेही वागविले, आणि सवलतीपुरते मात्र तो निराळा ठरला. परंतु एक गोष्ट आम्ही हळू आवाजात सांगू. कागदावर जुनी जात लिहावी लागते म्हणून ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, तो एक. आणि कागदावर ती लिहिता लिहिता मनातही जपून ठेवतो व पोराच्या लग्नात बाहेर काढतो, तो दुसरा. पहिल्याची लाचारी देव जाणतो. दुसऱ्यावर कोणी बळजबरी केली होती?

हे सर्व एका दिवसात सुटत नाही, हेही आम्ही जाणतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. इतकी विदुषी, इतकी सत्यनिष्ठ बाई. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की ख्रिस्ती धर्म आपणांस आधी सापडला आणि प्रत्यक्ष ख्रिस्त सापडावयास त्यानंतर आठ वर्षे लागली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे त्या माउलीच्या घरात सोवळे व प्रेम यांचे युद्ध चालले होते, आणि ते सोवळे कसे पायरीपायरीने सुटत गेले, हे त्यांनी स्मृतिचित्रांत हसत हसत सांगून ठेवले आहे. त्यांस पाच वर्षे लागली, आठ वर्षे लागली. आमच्या त्या मंडळीस तीन पिढ्या झाल्या.

परंतु पुन्हा पेत्राकडेच जावे, कारण त्याची गोष्ट त्या अंगणात संपली नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात तो याफोत असता देवाने त्यास आकाशातून उतरणारी चादर दाखविली आणि कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी पाठविले. त्या अध्यायास लोक कर्नेल्याचे परिवर्तन असे म्हणतात. आमच्या मते तेथे परिवर्तन दोघांचे झाले, आणि त्यांत पेत्राचे अधिक कठीण होते. कर्नेल्य प्रार्थना करीतच होता. पेत्रास मात्र परक्या जातीच्या माणसाच्या घरचा उंबरा ओलांडावयाचा होता. तो ओलांडला. आणि इतके होऊनही, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात काय वाचतो आपण? अंत्युखियात पेत्र परजातीय बंधूंच्या पंगतीस बसून जेवत होता. यरुशलेमेहून आपल्यातले काही लोक आले, तेव्हा तो भ्याला आणि पंगतीतून उठून बाजूला झाला. बाकीचे यहूदी त्याच्यामागे उठले. बर्णबाही उठला. पौलाने मग त्यास सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. अंत्युखियात तंटा पडला तो पंगतीवरून पडला, हे आमच्या पंचांनी नीट वाचावे. पौलाच्या दृष्टीने पंगतीतून उठणे ही शिष्टाचाराची चूक नव्हती. शुभवर्तमानाच्या सरळ वाटेने चालणे सुटले, असे तो म्हणतो. पेत्र दुसऱ्यांदा वळला, तिसऱ्यांदा वळला. धुरा आला की बैल पुन्हा वळवावा लागतो.

म्हणून, उपदेशकबंधू, दुकानदारास आमचे उत्तर असे सांगा. त्यांचा प्रश्न खरा आहे आणि आम्हांस तो बोचला, हे आधी कबूल करा. प्रश्न विचारणारा हसला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. मग सांगा, की चेंज झाला आहे, आणि व्हावयाचाही आहे. गाडी वळणावर आहे. एवढ्याने ते समाधान पावतील, अशी आम्हांस आशा नाही. लोकांस शब्द ऐकून समाधान होत नाही आणि व्हावेही कशास?

पंच येत्या रविवारी उपासनेनंतर बसणार आहेत, असे आपण लिहिता. बैठकीच्या आरंभी प्रार्थना सर्व करतातच. आपण गलतीकरांस पत्रातील त्या चार ओळी वाचाव्या आणि काही भाष्य न करता पुस्तक मिटावे. मुलाच्या बापास चार लोकांत अपमानाने बोलू नये. पौलाने पेत्रास तोंडावर सांगितले खरे, पण पाठीमागे सांगितले नाही, हे ध्यानात असावे. आधी त्यांच्या घरी जाऊन एकांतात बसावे. त्यांस कशाचे भय वाटते ते विचारावे. बहुधा त्यांस जातीपेक्षा भावकीचे भय असेल, आणि आपल्या दुसऱ्या मुलीचे पुढे काय होईल याचे. त्या भयाचे उत्तर मंडळीपाशी असले पाहिजे, नुसत्या वचनापाशी नव्हे. बाकीची घरे त्यांच्या पाठीशी उभी राहतील काय, हे बैठकीतच एकेकाकडून वदवून घ्यावे. आणि आपल्या पत्रात मुलीच्या आईचा उल्लेख आम्हांस कोठेही आढळला नाही. तिला पंचांपुढे बोलावू नका. आपल्या पत्नीस तिच्या घरी पाठवा.

काय ठरले ते आम्हांस कळवावे. लग्न ठरलेच, तर किराणा त्याच दुकानातून घ्यावा, आणि पैसे देतेवेळी पत्रिकाही द्यावी.